माहेरी मुसाफिर

वेळापत्रक आमच्या पुतण्यानं केलं होतं आणि आठवडाभर ते फ्रिजवर चिकटवलेलं होतं. सकाळी सहाला पुणे कॅम्पातून निघायचं. साडेआठला रांजणगावच्या पुढे नाश्ता. साडेदहाला नगर. दुपारी दोनला छत्रपती संभाजीनगर, चारला पाणचक्की. दुसऱ्या दिवशी दौलताबादचा किल्ला, वेरूळची लेणी, खुलताबाद. तिसऱ्या दिवशी परत. नगरच्या ओळीपुढे त्यानं कंसात लिहिलं होतं : मामूंची भेट, अर्धा तास.

पोरानं मनापासून मेहनत घेतली होती. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना मोकळे दिवस मिळवणं, तेरा आसनी गाडी ठरवणं, हॉटेलला आगाऊ पैसे भरणं, सगळं त्यानंच केलं. आम्ही माणसं नऊ, पिढ्या चार. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, ऐंशीच्या उंबरठ्यावर. त्यांची थोरली लेक, आमच्या आपा, उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मी, माझे मिस्टर, आमची सोळा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. थोरले दीर दुबईला, म्हणून त्यांच्या वतीनं त्यांचा मुलगा, सून आणि अकरा महिन्यांची नात. दहावे ड्रायव्हरकाका. त्यांना रस्ता पाठ होता आणि आमची घाई मान्य नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं.

फजरची नमाज घरी झाली. डबे भरले : पराठे, उकडलेली अंडी, आलूची सुकी भाजी, छोटीसाठी मऊ खिचडी, मामूंसाठी कॅम्पातल्या बेकरीची नानकटाई. अम्मींनी शुगरची आणि ब्लड प्रेशरची गोळी घेतली, अर्धा पराठा खाल्ला आणि "पोट भरलं" म्हणाल्या. मी डब्यांच्या गडबडीत होते. अर्ध्या पराठ्यानं कुणाचं पोट भरत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

गाडीत बसल्यावर आपांनी सफरची दुआ पढवली. ज्यानं हे वाहन आमच्या ताब्यात दिलं त्याची पाकी, नाहीतर ही आमच्या बसची गोष्ट नव्हती, आणि आम्हाला आमच्या रबकडेच परतायचं आहे, असा तिचा आशय मुलांना समजावून सांगितला. मग म्हणाल्या, "तिघं जरी सफरला निघाले तरी एकाला अमीर करावं, असा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचा हुकूम आहे. आपला अमीर कोण?"

अम्मींनी पुतण्याकडे बोट दाखवलं. "कागद त्यानं केलाय, अमीरही तोच."

पुतण्या लाजला, पण खूश झाला. फोन हातात घेऊन ड्रायव्हरकाकांच्या शेजारी जाऊन बसला. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

पुणं संपतं कुठे?

बंडगार्डनवरून नदी ओलांडली, येरवडा आलं आणि उजेड फुटला. आगाखान पॅलेसच्या फाटकासमोरून जाताना माझ्या मुलीनं विचारलं, "फूफी, गांधीजी इथेच कैदेत होते ना?"

आपांमधली शिक्षिका निवृत्त झालेली नाही. त्यांनी सांगायला सुरुवात केली. तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी ही वास्तू १८९२ मध्ये बांधून घेतली. दुष्काळात होरपळलेल्या लोकांना हाताला काम मिळावं, हा त्यामागचा हेतू. पुढे १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ती देशाला देऊन टाकली. त्या दोन तारखांच्या मध्ये ती तुरुंग झाली. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत नेत्यांना पकडलं आणि एकाच खास रेल्वेगाडीत बसवलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून इथे आणलं. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आठवड्याच्या आत, १५ ऑगस्टला इथेच गेले. कस्तुरबाही इथेच कैदेत होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ ला त्यांनी इथेच शेवटचा श्वास घेतला. गांधीजी त्या वेळी त्यांच्याजवळ होते. दोघांच्या समाध्या आत बागेत आहेत.

"आणि गाडीतले बाकीचे?" मुलीनं विचारलं.

"ते नगरला गेले. त्यांचं नगरला सांगेन."

माझ्या मुलाला यात रस नव्हता. त्याचा प्रश्न वेगळा होता. आदल्या रात्री आपांनी त्याला कसरची नमाज समजावली होती : साधारण ७८ किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या सफरला निघालेला माणूस आपल्या वस्तीची हद्द ओलांडली की मुसाफिर होतो. मग जोहर, असर आणि इशाच्या चार रकात फर्जच्या दोन होतात. फजर आणि मगरिब आहेत तशाच राहतात. पोरगं खिडकीला नाक लावून बसलं होतं. "आता संपलं का पुणं?"

विमाननगर आलं. नाही. खराडी. नाही. वाघोली आलं तेव्हा गाडी थांबलीच. पुढे ट्रक, मागे कंपन्यांच्या बस, मधून दुचाकी. अम्मी म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या वेळी येरवडा सोडलं की शेतं लागायची. वाघोली म्हणजे परगाव." ते परगाव २०२१ मध्ये महापालिकेत आलं. आता पुण्याची वस्ती कुठे थांबते आणि पुढची कुठे सुरू होते, हे मुफ्तीसाहेबांनाही गाडीतून उतरून बघावं लागेल. लोणीकंद मागे पडलं, कोरेगाव भीमाजवळ पुलाखाली पाणी दिसलं, तेव्हा आपांनी निकाल दिला, "चल, झालास मुसाफिर."

मी कोकणातली, शाफई. सासर हनफी. पंचवीस वर्षांत आमच्या घरात यावरून वाद झाला नाही, गंमत मात्र होते. आमच्याकडे प्रवासात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढायची मुभा आहे. हनफींकडे हजमधलं अरफात आणि मुजदलिफा सोडलं तर ती नाही. त्यामुळे दर प्रवासात अम्मी मला म्हणतात, "तुझं काम लवकर आटोपतं बाई." त्या दिवशी मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत. तेही माझ्या ध्यानात आलं नाही.

कोरडं पडलेलं तोंड

साडेआठचा नाश्ता वेळापत्रकात रांजणगावच्या पुढे होता. साडेआठला आम्ही जेमतेम शिक्रापुरात होतो. छोटीला उलटी झाली म्हणून एकदा थांबलो. पुतण्यानं हिशेब केला आणि म्हणाला, "आता थेट रांजणगावच्या पुढेच थांबू, नाहीतर सगळं कोलमडेल." कुणी नाही म्हटलं नाही.

रांजणगाव मागे पडलं तेव्हा साडेनऊ वाजत आले होते. मी सहज मागे वळून पाहिलं. अम्मी डोळे मिटून बसल्या होत्या. गाडीतला एसी चालू होता, तरी त्यांच्या कपाळावर घाम होता. हात धरला तर थरथरत होता आणि गार होता. "अम्मी" म्हटलं तर त्यांनी माझ्या नावाऐवजी आपांचं नाव घेतलं.

"गाडी थांबवा."

ड्रायव्हरकाकांनी रस्त्याकडेच्या एका छोट्या हॉटेलापाशी गाडी घेतली. शुगर मोजायचं यंत्र आमच्याजवळ होतं, पण ते मागच्या मोठ्या बॅगेत, सगळ्या सामानाच्या तळाशी. मिस्टर सामान उपसत होते, तोवर हॉटेलच्या मावशी पुढे आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. ग्लासभर पाण्यात साखर ढवळली आणि आणून दिली. अम्मी शुद्धीवर होत्या, घोट घेत होत्या, म्हणून ते पाणी देता आलं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नसतं, सरळ दवाखाना गाठायचा असतो. यंत्र सापडलं तेव्हा आकडा आला ५८. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ८६. मग पराठा, अंडं, थोडं थांबून चहा.

मावशींनी मागच्या खोलीत खाट टाकून दिली. स्वतःच्या घरचं स्वच्छतागृह उघडून दिलं. अम्मींना तिथून आणून खाटेवर बसवलं, तांब्या भरून पाणी दिलं. त्यांनी तो जवळजवळ संपवला. मी विचारलं, "अम्मी, सकाळपासून पाणी किती प्यालात?"

त्यांनी पदर सारखा केला. "नाही प्याले."

"का?"

"रस्त्यात सारखं थांबावं लागतं मग. बाई माणसानं कुठे कुठे जायचं? पोरानं एवढं टाईम लावून कागद केलाय. माझ्यापायी गाडी कशाला थांबवायची?"

पुतण्या दारात उभा होता. त्यानं ऐकलं.

बायकांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. आपल्या आया, सासवा, नणंदा लांबच्या प्रवासाला निघताना आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. रस्त्यात सोय नसते, असली तर जाववत नाही, आणि "थांबा" म्हणायची लाज वाटते. त्यात ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, मग ती गोळीच टाळली जाते. पाणी कमी, शुगरची गोळी पोटात, खाणं अर्धा पराठा, आणि नाश्ता साडेतीन तास लांबलेला. अम्मींना जे झालं ते अचानक झालं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून सकाळपासून ते घडवत आणलं होतं.

पुतण्या बराच वेळ खाटेच्या पायथ्याशी बसून राहिला. आपा त्याच्याजवळ गेल्या. त्याला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बेटा, रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम सफरमध्ये काफिल्याच्या मागे राहायचे. जो थकला, जो मागे पडला, त्याला पुढे आणायचे, आपल्या सवारीवर घ्यायचे, दुआ द्यायचे. नमाजची इमामत करणाऱ्यालाही त्यांनी सांगितलंय की मागे कमजोर, आजारी, म्हातारी माणसं असतात, नमाज हलकी ठेव. अमीर पुढे बसतो खरा, पण त्याचं लक्ष मागे हवं."

तो उठला. गाडीतून उशी आणली, मधल्या सीटवर अम्मींसाठी पाय लांब करायची जागा केली आणि स्वतः त्यांच्या शेजारी जाऊन बसला. पुढची सीट माझ्या मुलाला मिळाली. निघताना मावशींना पैसे देऊ केले तर त्यांनी फक्त चहाचे घेतले. साखरेचे कसले पैसे, म्हणाल्या. अम्मींनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

घोड नदीचा पूल

शिरूर आलं. जुनी माणसं त्याला अजून घोडनदी म्हणतात. घोड नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि नगर जिल्हा सुरू होतो. पुलावर अम्मी ताठ बसल्या. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, शहराचंही, पण अम्मींच्या तोंडी नगरच. "आता माझा जिल्हा," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. साठ वर्षांपूर्वी नववधू म्हणून त्या याच रस्त्यानं एसटीतून पुण्याला आल्या. या रस्त्याचा तोही एक मान आहे : राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली ती नगर ते पुणे याच मार्गावर. अम्मींचे वालिद ते नेहमी सांगायचे. लेकीला निरोप देताना म्हणाले होते, "एसटी आहे ना, मग पुणं काय लांब? मनात आलं की ये."

"मनात रोज यायचं," अम्मी म्हणाल्या. "पण घर, मुलं, सासू-सासरे. सणाला जायचं, संध्याकाळी परत. मग तुमची गाडी आली, तेव्हा तर अर्ध्या तासावर आलं."

त्यांची धाकटी बहीण नगरलाच होती. २०१९ च्या हिवाळ्यात एका लग्नाहून परतताना आम्ही तिच्याकडे थांबलो होतो. मला ते आठवतं. चहा झाला, आम्ही घड्याळ बघू लागलो. खाला म्हणाल्या, "आपा, आज राहा ना." अम्मींनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी राहायलाच येते." पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला पास लागायचा. त्याच काळात खाला गेल्या. पास मिळेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. अम्मींनी घरात बसून यासीन पढली. कुणाला काही बोलल्या नाहीत.

"हा पूल मला तेव्हा स्वप्नात दिसायचा," एवढंच म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

सुपे यायच्या आत पुतण्यानं दोन फोन केले. पहिला छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलला : एक दिवस पुढे ढकलता येईल का? एका रात्रीचे आगाऊ भरलेले पैसे जातील, असं उत्तर आलं. "जाऊ देत," तो म्हणाला. दुसरा फोन नगरला, मामूंच्या सुनेला : "मामी, आम्ही नऊ जण येतोय. जेवणाचं काही करू नका, डबे आहेत. आणि रात्री राहणार आहोत." पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग मोठ्यानं कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज आला.

चार नाही, दोन

मामूंचं घर झेंडीगेटच्या एका गल्लीत. मामू ८४ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी कंबरेचं हाड मोडलं तेव्हापासून खाटेवर. अम्मी आत गेल्या, खाटेच्या काठावर बसल्या. दोघा बहीण-भावांनी सलाम केला आणि मग बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत. मामूंनी अम्मींचा हात धरून ठेवला होता. थोड्या वेळानं ते म्हणाले, "किती वाजता निघायचंय?" त्यांना सवय होती.

"आज नाही," अम्मी म्हणाल्या.

मामूंनी पुतण्याकडे पाहिलं, माझ्या मिस्टरांकडे पाहिलं. त्यांचा विश्वास बसायला संध्याकाळ झाली.

जोहर व्हायची होती. अम्मींचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून घडीचं स्टूल सोबत नेतो. त्या त्यावर बसून पढतात. त्यांनी दोन रकात पढून सलाम फेरला. माझा मुलगा शेजारी बसून मोजत होता. तो म्हणाला, "दादी, तुम्ही विसरलात. दोनच झाल्या."

"दोनच आहेत रे. मी मुसाफिर ना."

"पण हे तर तुमचंच घर आहे! तुम्ही इथेच लहान होतात ना?"

खोलीत सगळे गप्प झाले. आपांनी मसला सांगितला. मुलगी लग्न होऊन सासरी गेली, तिथेच कायमची राहू लागली, की हनफी मसलकात सासरचं गाव तिचं वतन ठरतं. माहेर ७८ किलोमीटरच्या पलीकडे असेल आणि ती पंधरा दिवसांपेक्षा कमी राहायला आली असेल, तर ती तिथे मुसाफिर असते. कसर पढते.

मुलाला ते पटलं नाही. अम्मी मात्र हसल्या. "अरे, मलाही पहिल्यांदा रडू आलं होतं. लग्नानंतर पहिल्या ईदला आले, चार पढायला उभी राहिले. अम्माँ म्हणाल्या, बेटी, आता दोन. मी म्हटलं, अम्माँ, इथे मी मुसाफिर? तर त्या म्हणाल्या, मुसाफिरची दुआ कबूल होते, आमच्यासाठी मागत जा." त्यांनी तसबीह उचलली. "तेव्हापासून इथे आले की आधी दुआ मागते. आजपर्यंत फक्त घाईघाईत मागायची."

मी त्या दिवशी जोहरबरोबर असर जोडून घेतली नाही. मुभा होती. पण मला पुढे जायची घाईच उरली नव्हती.

दुपारी डबे उघडले, दस्तरखान अंथरलं. मामूंच्या सुनेनं तरी घाईघाईत डाळ आणि भात केलाच होता. भांडी धुताना ती मला म्हणाली, "भाभी, पाहुणे खूप येतात. चहा घेतात, मामूंच्या डोक्यावर हात ठेवतात, जातात. आज दोन वर्षांत पहिल्यांदा दुपारी एक तास झोपले मी. अम्मी त्यांच्याजवळ बसल्या होत्या म्हणून." आजाऱ्याची मिजाजपुर्सी म्हणजे काय, हे मला त्या मोरीपाशी कळलं. जो आजारी आहे त्याच्याबरोबर जी त्याला सांभाळते तिचीही ती भेट असते, आणि तिला अर्धा तास पुरत नाही.

किल्ल्यातलं पत्र

असरनंतर पुतण्या मुलांना घेऊन किल्ल्यापर्यंत जाऊन आला. आत जायला उशीर झाला होता. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, जायचं तर दिवसा आणि ओळखपत्र घेऊन. मुलांनी खंदक पाहिला, तट पाहिला. चाँदबीबीनं मोगलांच्या वेढ्यात हाच किल्ला १५९६ मध्ये राखला होता, हे आपांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

रात्री इशानंतर सगळे मामूंच्या खाटेभोवती जमलो. मुलीनं आठवण केली, "फूफी, गाडीतले बाकीचे?"

आपांनी सांगितलं. बाकीचे बारा नेते याच किल्ल्यात आणले. पंडित नेहरूंनी इथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझादही त्यांच्यात होते. मामू मध्येच म्हणाले, "मी त्याच साली जन्मलो. वालिद चेष्टा करायचे, तू बाहेर आलास आणि ते सगळे आत गेले."

मौलाना पहाटे उठून स्वतः चहा करायचे आणि आपले दोस्त मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रं लिहायचे. ती पाठवायची परवानगी नव्हती. तरी लिहायचे. पुढे १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावानं छापून आली. एका पत्रात चहाचं वर्णन आहे, एकात खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांचं. आणि एप्रिल १९४३ चं एक पत्र आहे ते त्यांच्या बेगम जुलैखा यांच्याबद्दल.

बेगम कलकत्त्याला आजारी होत्या. मौलाना इथे, भिंतीआड. तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं सुचवलं की सरकारला काही लिहायचं असेल तर लगेच पाठवतो. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढा आहे त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागणं त्यांना मंजूर नव्हतं. ९ एप्रिल १९४३ ला बेगम गेल्या. दोन दिवसांनी लिहिलेल्या त्या पत्रात मौलानांना घरून निघतानाचा क्षण आठवतो. ३ ऑगस्टला मुंबईला निघाले तेव्हा बेगम नेहमीसारख्या दारापर्यंत आल्या होत्या. काही नवं घडलं नाही तर १३ तारखेपर्यंत येतो, असं ते म्हणाले. त्यांनी खुदा हाफिजशिवाय काही म्हटलं नाही. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती, कुणाची ते माहीत नव्हतं. इतके महिने ती नुसती दिसायची. आता तिच्याशी काही नातं जुळल्यासारखं वाटतं, असं त्यांनी लिहिलं आहे.

"एकाच दिवशी, एकाच गाडीतून आणलेली माणसं," आपा म्हणाल्या. "एकाला बायकोच्या शेवटच्या क्षणी तिच्याजवळ असणं नशिबी आलं, एकाला नाही. दोघंही कैदेत होते. आपण तर मोकळे आहोत."

कुणी काही बोललं नाही. अम्मी हळूच म्हणाल्या, "तेरा तारखेला येतो म्हणाले होते." त्यांच्या मनात मौलाना नव्हते, खाला होत्या, हे मला कळलं.

निघणाऱ्यांसाठी

सुट्टीत तुमच्याही घरी सामान बांधलं जाईल, म्हणून आम्ही चुकून शिकलेलं सांगून ठेवते. घरातलं सर्वांत म्हातारं आणि सर्वांत लहान माणूस जेवढं सोसेल तेवढाच पहिला दिवस ठेवा. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवा, आणि "कुणाला जायचंय का" असं सगळ्यांसमोर विचारू नका. सगळेच उतरा, म्हणजे कुणाला लाज वाटणार नाही. पाय मोकळे झाले की सूजही कमी येते. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या की प्रवासाच्या दिवशी शुगरची आणि लघवीची गोळी कधी घ्यायची. स्वतःच्या मनानं बंद करू नका. शुगरची गोळी घेतली की पोटभर खाणं झालंच पाहिजे. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला तर शुगर उतरली असं समजा : तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, मग जेवण द्या. आकडा वर येत नसेल तर दवाखाना गाठा. यंत्र, गोळ्या, साखर आणि पाणी हाताशी असू द्या, सामानाच्या तळाशी नको. नमाजसाठी घडीचं स्टूल घ्या. आणि वाटेत कुणाचं माहेर लागत असेल, तर तिथे किती वेळ थांबायचं हे जिचं माहेर आहे तिला विचारा.

त्या रात्री अम्मींची गादी मामूंच्या खाटेजवळ टाकली. दिवा मालवल्यावरही दोघांची कुजबुज ऐकू येत होती. गल्लीतली विहीर, शाळेतले मौलवीसाहेब, अम्माँच्या हातचं लोणचं. पुतण्या दारापाशी आडवा झाला होता. वेळापत्रकाप्रमाणे आम्ही त्या दिवशी सव्वादोनशेहून जास्त किलोमीटर जायला हवं होतं. १२० झाले होते.

मध्यरात्रीच्या सुमारास मामूंना जाग आली. अंधारात त्यांचा आवाज आला, "गेलीस का?"

"नाही," अम्मी म्हणाल्या. "झोप. नाश्त्याला आहे मी."